निघालेली गाठ काय सांगते

नाना रोज सकाळी चहाच्या आधी ओट्यावर बसतात आणि आईस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चवड पुढच्या दातांमध्ये धरतात. आधी दहा काड्या. मग मधोमध अकरावी सरकवायची, मग बारावी. तेरावीला जबडा ताणला जातो, डोळ्यांत पाणी उभं राहतं. चौदावी बसली की हात खाली घेऊन ते मनात शंभरपर्यंत आकडे मोजतात. मोजून झाले की त्यांची सून भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीने '१४' लिहिते. त्याच चौकोनात दुधाचा हिशोबही असतो.

निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावतात. नानांच्या तोंडात आता जेमतेम दोन. गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास त्यांचा डावा गाल, खालच्या जबड्याचा तुकडा आणि मानेतल्या गाठी मुंबईला काढल्या. गालाची जागा छातीची कातडी आणि मांस वळवून भरली. "छातीवरचे केस आता तोंडात उगतात, ताई," नाना सांगतात. "डॉक्टर म्हने, हे जगल्याची खूण हाये."

नाना बोदवडच्या बाजारात हमाली करत. कापसाची गाठोडी, ज्वारी-मक्याची पोती उचलण्यात तीस वर्षं गेली आणि तीसही वर्षं डाव्या गालात तंबाखू-चुन्याची गोळी होती. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यासारखं पाणी बोदवडला नाही. इथली काळी जमीन बरीचशी पावसावर. अशा गावात हमालाचा हात थांबला की घर थांबतं, म्हणून गालात जखम दिसल्यावरही तीन-चार महिने कामातच गेले.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'परतणं' हा विषय कळवला, तेव्हा मला आमच्या खानदेशातल्या घराघरांत दबक्या आवाजात विचारला जाणारा प्रश्न आठवला: 'परत तर नाही ना होणार?' माझे मामा याच आजाराने गेले. त्यांची गाठ काढली तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. नऊ महिन्यांनी मानेत दुसरी गाठ आली. तिचा अंदाज आधीच्या कागदांत लिहिलेला होता, पण तो आमच्यापैकी कोणी वाचलाच नव्हता.

२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळले आणि जवळपास ८० हजार माणसं दगावली. हा आजार दूर फुप्फुसात किंवा हाडात पसरण्यापेक्षा जिथून काढला तिथेच किंवा मानेत जास्त वेळा परततो. परतलाच तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत. कोणाकडे परतेल, हे आधी कळेल का? गाठीतली प्रथिनं ते सांगू शकतील का? हे प्रश्न घेऊन मी बोदवड, जळगाव आणि मुंबईच्या वाटेवर फिरले.

पत्र्याच्या पेटीतली फाईल

नानांच्या बायकोने, काकूंनी, पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. सातबारा, बियाण्यांची बिलं, रेशनकार्ड आणि त्याखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली फाईल. सिटीस्कॅनच्या फिल्म, औषधांच्या चिठ्ठ्या, आणि या सगळ्यांत महत्त्वाची, चहाचा डाग पडलेली दोन पानं: ऑपरेशननंतरचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट.

"हा कोणी वाचून दाखवला का?" मी विचारलं.

"गाठ निघाली, एवढं सांगितलं," काकू म्हणाल्या. "निघाली म्हंजे निघाली. मंग वाचायचं कायले?"

त्या दोन पानांत नानांचं पुढचं वर्ष ठरलं होतं. गाठ केवढी होती, किती खोल रुतली होती, तिच्याभोवती निरोगी मांसाचा काठ किती सुटला, मानेतल्या एकतीस लसिका गाठींपैकी किती बाधित होत्या. दोन बाधित होत्या, आणि त्यांतल्या एकीचं कवच फोडून कॅन्सर बाहेर आला होता. या शेवटच्या ओळीमुळे नानांना सहा आठवडे शेक, म्हणजे रेडिएशन, आणि सोबत किमो घ्यावा लागला. काठावर कॅन्सर उरणं किंवा मानेतल्या गाठीचं कवच फुटणं या दोन गोष्टी दिसल्या, तर नुसता शेक पुरत नाही, किमो जोडावा लागतो, हे युरोप आणि अमेरिकेतल्या २००४ च्या दोन मोठ्या अभ्यासांनी दाखवलं. आज जगभर तीच रीत आहे.

मानेच्या गाठींचा विषय निघाला की मुंबईच्या टाटा मेमोरियलचं नाव निघतंच. तोंडाचा कॅन्सर लवकर सापडला, हाताला मानेत काही लागत नसेल, तरी मान उघडायची का? जगभरच्या सर्जनांमध्ये यावर अनेक वर्षं मतभेद होते. टाटाच्या डॉ. अनिल डिक्रुझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५०० रुग्णांचा हिशोब २०१५ मध्ये मांडला. ज्यांच्या मानेतल्या गाठी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या, त्यांच्यातले ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांमध्ये ६७.५ टक्के. पहिल्या गटात ८१ जणांचा आजार परतला, दुसऱ्यात १४६ जणांचा. परळच्या दवाखान्यात, तंबाखू खाणाऱ्या आपल्याच माणसांवरून निघालेलं हे उत्तर आज जगातले सर्जन पाळतात.

मेणाचा ठोकळा

रिपोर्ट तयार कसा होतो ते बघायला मी जळगावच्या एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत गेले. तिथल्या डॉक्टर बाईंनी नाव न देण्याच्या अटीवर सगळं दाखवलं.

ऑपरेशन थिएटरमधून आलेला तुकडा आधी फॉर्मेलिनमध्ये रात्रभर मुरतो. मग त्याच्या कडांना रंगीत शाई लावतात. पुढची कड, मागची, तळाची, म्हणजे नंतर सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सर कोणत्या कडेच्या किती जवळ आला होता ते मोजता येतं. पाच मिलीमीटर सुटले तर काठ मोकळा धरतात. मग तुकड्याचे पातळ काप, त्यांतलं पाणी काढून वितळलेलं मेण भरायचं. थंड झालं की अंगठ्याच्या पेराएवढा पांढरट ठोकळा तयार होतो. सगळे त्याला 'ब्लॉक' म्हणतात.

तंत्रज्ञ मुलगी ब्लॉक यंत्रात बसवून चाक फिरवत होती. पात्यावरून मेणाची रिबीन निघत होती, तीन-चार मायक्रॉन जाडीची. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे पंधरा-वीस काप बसतील. रिबीन तिने कोमट पाण्यावर सोडली. ती सुरकुत्या सोडून पसरली, मग काचपट्टीने अलगद उचलली. इतकं नाजूक काम ती दिवसभर करते, आणि त्या काचेवर कोणाचं तरी घर अवलंबून असतं हे तिला पक्कं ठाऊक आहे.

"लोक रिपोर्ट नेतात, ब्लॉक विसरतात," डॉक्टर बाई म्हणाल्या. "पुढे मुंबईला गेलात की तिथे पहिल्यांदा ब्लॉक आणि स्लाइड मागतात. आजार परतला तर जुन्या ब्लॉकवर नवी तपासणी करता येते. मेणात मांस अनेक वर्षं टिकतं. ती त्या गाठीची साक्ष आहे."

तपकिरी रंग

नेहमीच्या स्लाइडवर गुलाबी आणि जांभळा असे दोन रंग दिसतात. त्यात पेशींचा आकार कळतो, पण पेशींच्या आत काय चाललंय ते कळत नाही. त्यासाठी प्रथिनांकडे जावं लागतं. जनुकं म्हणजे पेशीच्या कामाची लेखी सूचना, आणि ते काम प्रत्यक्ष करणारे हात म्हणजे प्रथिनं. कॅन्सर झालेल्या पेशीत काही हात नको तितके वाढतात, काही गायब होतात.

हे हात दिसावेत म्हणून मेणाच्या कापावर प्रतिपिंड सोडतात. एक प्रतिपिंड एकाच प्रथिनाला चिकटतं. त्याला जोडलेलं विकर मग रंगहीन रसायनाचा तपकिरी रंग करतं. जिथे ते प्रथिन, तिथे तपकिरी. बाईंनी मला एक स्लाइड दाखवली. निळसर पेशींच्या गर्दीत कितीतरी केंद्रकं चहाच्या रंगाची झाली होती. ते पी५३ होतं.

पी५३ हा पेशीतला राखणदार. बिघडलेली पेशी वाढू लागली की तिला थांबवतो किंवा मारतो. निरोगी पेशीत तो थोडाच असतो आणि लवकर विरघळतो. त्याचं जनुक बिघडलं की बऱ्याचदा निकामी राखणदार साचून राहतो, म्हणून रंग गडद दिसतो. केआय-६७ हे प्रथिन किती पेशी विभागत आहेत ते सांगतं. ई-कॅडहेरिन पेशींना एकमेकींना धरून ठेवतं. ते कमी झालं की पेशी सुट्या होऊन आत शिरतात. ईजीएफआर हा पेशीच्या अंगावरचा 'वाढ' हा निरोप घेणारा कान, आणि डोकं-मानेच्या बहुतेक कॅन्सरमध्ये असे कान जास्त असतात. पीडी-एल१ ही ढाल. शरीराच्या रक्षक पेशी आल्या की कॅन्सरची पेशी ती पुढे करते आणि त्या थबकतात. खारघरला टाटाच्या 'ॲक्ट्रेक' संशोधन केंद्रात केराटिन ८ आणि १८ वर बरंच काम झालंय. ही प्रथिनं निरोगी गालाच्या अस्तरात सहसा नसतात, तिथल्या कॅन्सरमध्ये मात्र उगवतात.

मग अडलं कुठे?

इतकं कळतं, तर 'यांचा आजार परतणार, यांचा नाही' असं एका तपासणीत का सांगता येत नाही?

प्रयत्न जुने आहेत. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी असे २५ रुग्ण पाहिले, ज्यांच्या गाठीत पी५३ चं जनुक बिघडलेलं होतं आणि ज्यांच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ होत्या. त्याच कडांमध्ये त्यांनी बिघडलेलं जनुक शोधलं. १३ जणांच्या कडेत ते सापडलं आणि त्यांतल्या ५ जणांचा आजार त्याच जागी परतला. उरलेल्या १२ जणांमध्ये एकाचाही नाही. त्याच दशकात लुइझियानामध्ये डॉ. चेरी-ॲन नेथन यांनी ईआयएफ-४ई या प्रथिनाचा मागोवा घेतला. पेशीत प्रथिनं बनवण्याच्या कामाला चालना देणारं हे प्रथिन ज्यांच्या स्वच्छ वाटणाऱ्या कडेत जास्त होतं, त्यांच्यात आजार जास्त परतला. म्हणजे डोळ्याला निरोगी दिसणारा काठ आतून बिघडलेला असू शकतो.

नानांना मी हे सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, "कुंद्यासारखं हाये मंग. वरून वावर साफ दिसते, खाली मूळ राह्यलं की पुन्हा फुटते." काळ्या जमिनीतला कुंदा ज्याने खणलाय त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. डॅनली स्लॉटर यांनी १९५३ मध्ये हेच मांडलं: तंबाखूने एक जागा नाही, तोंडाचं सगळं शेतच बिघडतं.

तरी या खुणा रोजच्या उपचारात आल्या नाहीत, त्याला कारणं आहेत. एकाच गाठीच्या दोन टोकांना प्रथिन वेगळं दिसतं. एका प्रयोगशाळेत 'जास्त' ठरलेलं दुसरीत 'मध्यम' ठरतं. एका गावच्या पन्नास-शंभर रुग्णांवर खरी ठरलेली खूण दुसऱ्या ठिकाणी फोल ठरते. आणि सगळ्यांत मोठी कसोटी ही, की कडा, खोली, मानेच्या गाठी यांनी जे आधीच सांगितलं त्यात ही खूण नवं काही सांगते का, आणि त्यावरून उपचार बदलता येतात का? या कसोटीवर आजवर फार थोड्या टिकल्या.

टिकलेल्यांपैकी एक पी१६. घशातल्या, टॉन्सिलच्या आणि जिभेच्या मुळाच्या कॅन्सरमध्ये पी१६ गडद दिसलं तर तो बहुधा एचपीव्ही विषाणूमुळे झालेला असतो, आणि असे रुग्ण उपचारांनी जास्त बरे होतात. २०१८ पासून त्यांची पायरी, म्हणजे स्टेज, वेगळी मोजतात. पण गालाचा आणि हिरडीचा आपल्याकडचा कॅन्सर मुख्यतः तंबाखूचा, तिथे पी१६ ला तेवढं वजन नाही. म्हणून परदेशातली तपासणी इथे जशीच्या तशी लावून भागत नाही. आपल्या गालाच्या कॅन्सरची जनुकं भारतीय शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे वाचली आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध केली, त्याचं मोल इथे कळतं.

दुसरी खूण पीडी-एल१. आजार परतल्यावर किंवा पसरल्यावर इम्युनोथेरपी किती उपयोगी पडेल याचा अंदाज ती देते. २०२५ मध्ये अमेरिकेत ऑपरेशनच्या आधी आणि नंतर हे औषध द्यायलाही पीडी-एल१ पाहून मान्यता मिळाली. पण औषध महाग. इथेही टाटाच्या डॉक्टरांनी वाट काढली. डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी निवोलुमॅब दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या भागापेक्षाही कमी, आणि सोबत स्वस्त गोळ्या दिल्या. आजार परतलेल्या किंवा पसरलेल्या रुग्णांमध्ये वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण नुसत्या गोळ्यांवर १६.३ टक्के होतं, ते ४३.४ टक्क्यांवर गेलं. हे २०२३ चं संशोधन खानदेशातल्या डॉक्टरांनाही वापरता येण्यासारखं आहे.

म्हणून कोणी 'मार्करची महागडी तपासणी करा, परत होणार का ते कळेल' असं सांगितलं, तर एकच प्रश्न विचारावा: या उत्तराने माझा उपचार बदलणार आहे का? बदलणार नसेल तर ते पैसे मुंबईच्या फेऱ्यांसाठी राखावेत.

भुसावळहून रात्रीची गाडी

आज तरी परतलेला आजार वेळेत पकडण्याचं सर्वांत खात्रीचं साधन म्हणजे ठरल्या तारखेला डॉक्टरांपुढे बसणं. पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर दोन ते सहा महिन्यांनी, पुढे हळूहळू लांबवत. डॉक्टर तोंडात बोट फिरवतात, मान चाचपतात, आवाज ऐकतात. मानेला शेक बसला असेल तर थायरॉइडचीही तपासणी करायची असते.

बोदवडहून हे सोपं नाही. आधी भुसावळ गाठायचं, तिथून मुंबई सुमारे ४४० किलोमीटर. रात्रीच्या गाडीत नाना खिडकीशी बसतात, कारण तोंड कोरडं पडतं आणि दर अर्ध्या तासाला पाण्याचा घोट लागतो. शेकाने लाळ आटली आहे. कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत या माणसाचा जीव की प्राण, आता भाकरी दुधात कुस्करून आणि भरीत बिनमिरचीचं.

गाडीत भेटलेल्या दुसऱ्या एका कुटुंबाला तिकिटाची सवलत माहीतच नव्हती. हॉस्पिटलच्या सहीचा दाखला खिडकीवर दिला तर कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी आणि तपासणीच्या फेरीसाठीही स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबत्याला ७५ टक्के सूट मिळते. मुंबईत दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा बाहेरगावच्या कॅन्सर रुग्णांना आसरा देते. आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राकडे जायचं. ऑपरेशन, शेक, किमो तिच्यात बसतात. फेरी चुकते ती गाडीभाड्यापायी, बुडालेल्या रोजापायी आणि 'आता बरंच आहे की' या वाटण्यापायी.

स्टँडजवळची टपरी

बोदवडच्या बसस्टँडजवळच्या टपरीपाशी नानांचे जुने सोबती भेटले. एकाने तळहातावर तंबाखू मळत विचारपूस केली, "नाना कसा हाये?" आणि बार गालात टाकला. त्याला काही वावगं वाटलं नाही. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, आणि २४.४ टक्के न ओढता, म्हणजे चघळून, दाताला लावून. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी रस्त्याकडेला रिकाम्या पुड्या दिसतात. मशेरी लावणाऱ्या बायका तर स्वतःला तंबाखू खाणाऱ्यांत मोजतही नाहीत.

ऑपरेशननंतरही तंबाखू किंवा सुपारी सुरू राहिली तर आजार परतण्याचा आणि तोंडात दुसरीकडे नवा होण्याचा धोका वाढतो. बिघडलेल्या शेताला पुन्हा तेच विष पाजण्यासारखं ते आहे. नानांनी सोडली. "पहिले पंधरा दिवस जीव कासावीस झाला," ते म्हणतात. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक फुकट लागतो.

चौदा काड्या

श्रावणात एक गोष्ट घडली. कॅलेंडरात चौदाचे तेरा झाले, मग बारा, आठवड्याने अकरा. सुनेने ते पाहिलं. दहावीपर्यंत शिकलेली मुलगी. तिला मुंबईच्या नर्सने सांगितलं होतं, की तोंड पुन्हा आवळू लागलं, न भरणारी जखम दिसली, मानेत गाठ लागली, कान ठणकू लागला, आवाज बदलला, तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. नाना म्हणत होते शेतीच्या गडबडीत व्यायाम राहिला. तिने ऐकलं नाही. तारीख तीन आठवडे लांब होती, तरी फाईल आणि ब्लॉक पिशवीत घालून सासऱ्यांना गाडीत बसवलं.

तुकडा काढून तपासला. कॅन्सर नव्हता, शेकाने आखडलेले स्नायू होते. पण असता, तरी तो हाताबाहेर जाण्याआधी सापडला असता. माझ्या मामांच्या घरी अशा काड्या कोणी मोजल्या नव्हत्या.

उद्या एखादं प्रथिन खात्रीने सांगेल की कोणाचा आजार परतणार आहे. ते उत्तर मेणात जपलेल्या गाठींतूनच निघेल, कदाचित नानांच्याच. तोवर तुमच्या घरात, शेजारी, नात्यात तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं कोणी असेल, तर या दिवाळीत फराळाला गेलात की फाईल मागा. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आहे का बघा, डॉक्टरांकडून तो ओळ न् ओळ समजून घ्यायला सांगा. ब्लॉक कुठे आहे ते विचारा. आणि पुढची तारीख कॅलेंडरावर मोठ्या अक्षरात लिहून या.

नानांची पुढची तारीख दिवाळीनंतरच्या सोमवारी आहे. काल कॅलेंडरात पंधरा लिहिलं होतं.